बिननावाचं कार्ड

काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला एसटी स्टँडवरून घरी माघारी आलेली बाई मी, आणि तीही एकदा नव्हे. त्यामुळे भाचरांपैकी कुणी विचारलं, की ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, कंपनी बघून घेऊ का कुठलंही चालेल, तर मला आधी काळजी लागते आणि मग तोंडातून शब्द फुटतात. पोरांना एका शब्दात उत्तर हवं असतं. माझं उत्तर शिक्रापूरहून निघतं, शिरूरला जातं, तिथून भीमा ओलांडून राहूला पोचतं, आणि तोवर पोरं उठून गेलेली असतात.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. शिक्रापूरला हमरस्त्यालगत, एका किराणा दुकानाच्या वर आमची भाड्याची खोली होती. नवरा सणसवाडीच्या एका कारखान्यात मशीनवर होता. आमची ओळख आयटीआयमधली; तो मशिनिस्टच्या वर्गात, मी ड्राफ्ट्समनच्या. मी राहूच्या धनगराची मुलगी, तो दौंडच्या बौद्ध वस्तीतला. एवढं सांगितलं की आमच्या भागातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. लग्न विहारात लागलं. त्याच्या बाजूनं अख्खी वस्ती लोटली होती, माझ्या बाजूनं मी एकटी होते.

घर सोडलं त्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरांना पाला टाकत होते. उसाची शेती झाली, पक्कं घर झालं, तरी घरामागं थोडी मेंढरं त्यांनी ठेवलीच होती. त्यांनी मान वर केली नाही.

"जातीस तर जा," म्हणाले. "पर उद्या काय बिघडलं, तर माघारी यायचं न्हाई."

ते वाक्य मी सामानाबरोबर शिक्रापूरला आणलं. दूध नासलं तरी ते आठवायचं. नवऱ्याला साधा ताप आला तरी आठवायचं. संसार म्हटला की रोज काही ना काही बिघडणारच, पण आमच्या घरात काही बिघडायची मी कुणाला परवानगी दिली नव्हती. आई मात्र, आप्पा उसाला पाणी द्यायला गेले, की खालच्या दुकानात फोन करायची. दुकानदार मामा हाक मारायचे आणि मी जिना उतरून धावायचे. ती विचारायची, समदं बरं हाय ना. मी म्हणायचे, बरं आहे. नसतं तरी हेच म्हटलं असतं.

अशात सणसवाडीच्या एका टूल रूमचं काम चालून आलं. टूल रूम म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे आणि पार्ट धरून ठेवायची फिक्स्चर बनवणारं वर्कशॉप. तिथल्या साहेबांना घरून ड्रॉइंग करून देणारं माणूस हवं होतं. नवऱ्याच्या ओळखीनं त्यांनी मला आधी साधी ड्रॉइंग दिली, ती त्यांना पसंत पडली. मग म्हणाले, आता थ्रीडी मॉडेल देतो, घरचं मशीन पेलेल ना? मी म्हटलं, पेलेल. ते पेलणार नव्हतं. आमचा कॉम्प्युटर सेकंडहँड, इकडून तिकडून जुळवलेला; मॉडेल जरा फिरवलं की जागच्या जागी थिजायचा. त्यात मला दिवस गेलेले होते. त्या अवस्थेत कुठल्या कारखान्याच्या गेटवर मला काम मिळणार होतं? हे काम टिकलं तर बाळ मांडीवर आणि माउस हातात, असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. ते गेलं असतं तर आप्पांचं वाक्य खरं झालं असतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

नवरा म्हणाला, ग्राफिक्स कार्ड टाकू. रविवारी आम्ही शिरूरला गेलो. दुकानदारानं काउंटरवर दोन कार्डं ठेवली. एक रंगीत खोक्यातलं, वर मोठ्या कंपनीचं नाव, आत वॉरंटीचा कागद. दुसरं नुसत्या पांढऱ्या खोक्यात, त्याला ना नाव ना गाव, आणि बरंच स्वस्त. चिप दोन्हीत एकच आहे, असं दुकानदारानं सांगितलं आणि मला नीट समजावलंही. चिप बनवणारी कंपनी वेगळी असते. ती चिप विकत घेऊन सर्किटच्या पाटीवर बसवणाऱ्या, वर पंखा लावणाऱ्या आणि आपल्या नावाच्या खोक्यात घालून विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि त्या ढिगानं आहेत. म्हणजे चित्र काढणारं डोकं तेच, मी मनात म्हटलं, फक्त आडनाव वेगळं.

नवऱ्यानं रंगीत खोकं उचललं. म्हणाला, हेच घेऊ, नावाजलेलं आहे.

इथं माझं डोकं फिरलं. त्याचं कारण त्या दुकानात नव्हतं, मेंढरांच्या बाजारात होतं. आप्पा बाजारात मेंढी घेताना आधी दात बघत नाहीत, पाय बघत नाहीत. आधी विचारतात, कुणाच्या वाड्यातलं? वाडा म्हणजे कळप बसतो ती जागा, आणि तो कळप राखणारं घरही. वाडा पसंत पडला तरच जनावराकडं नजर जाते. नाही पडला, तर जनावर कितीही देखणं असो, आप्पा पुढं सरकतात. लहानपणी त्यांचं बोट धरून फिरताना मला याचं फार कौतुक वाटायचं. पुढं हाच प्रश्न त्यांनी माझ्या नवऱ्याबद्दल विचारला, आणि उत्तर ऐकल्यावर माणसाकडं बघितलंसुद्धा नाही.

"नाव बघून घ्यायचं नाही," मी म्हणाले. आवाज चढलाच. "आत काय आहे ते बघायचं."

नवऱ्यानं खोकं काउंटरवर ठेवलं. मी कुणाशी भांडतेय ते त्याला कळलं होतं. हळू आवाजात म्हणाला, "अगं, ते माणसांबद्दल. कार्डाबद्दल असं कुणी म्हटलंय?"

पण मी ऐकते कशाची. पांढरं खोकं घेऊन आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवशी मात्र एसटीत खोकं मांडीवर धरून बसले होते तेव्हा मला वाटत होतं, आज आप्पांना भर बाजारात हरवलं.

सुरुवातीला कार्डानं माझी लाज राखली. मॉडेल हवं तसं फिरायचं, कडा, भोकं, खाचा सगळं स्वच्छ दिसायचं. पहिला संच वेळेत गेला. साहेबांनी दुसरा दिला, मोठा, आणि हा जमला तर कायमचं काम देऊ असं स्वतःहून बोलले. सोमवारी सकाळी हवा होता. जेवायला बसलं की मी नवऱ्याला ऐकवायचे, बघ, नावावाचून काही अडलं का? तो बिचारा खाली मान घालून भात कालवत राहायचा.

मग गुरुवारी पडद्यावर ठिपके दिसले. हिरवे, जांभळे, मॉडेलच्या अंगावर गोवर उठावा तसे. मी पडदा पुसला. बंद करून चालू केलं. थोडा वेळ बरं चाललं, मग पुन्हा ठिपके, मग आडव्या रेघा, मग सगळंच थिजलं. कॅबिनेटचं झाकण काढून मी टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावला. रस्त्यावरची धूळ त्या वाऱ्याबरोबर आत जात होती, पण फॅन बंद करायचा धीर होईना. खालून ट्रक गेला की खोली हादरायची आणि मला वाटायचं, आता गेलं. दोन रेघा मारल्या की मी फाइल सेव्ह करत होते. पोटात बाळ हललं तर त्यालासुद्धा म्हटलं, थांब जरा.

पाळीवरून आल्यावर नवऱ्यानं कार्ड बाहेर काढलं. पंखा बोटानं फिरवला, तर अर्ध्यात अडकला. पाटीवरच्या काही कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या चिमुकल्या डब्यांची, डोकी फुगून वर आली होती. ती त्यानं मला दाखवली आणि कार्ड पांढऱ्या खोक्यात घालून ठेवलं. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

शुक्रवारी मी एकटीच शिरूरला गेले. दुकानदार वाईट माणूस नव्हता. बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, कार्ड उलटसुलट करून पाहिलं. चिप धड असावी, म्हणाला, पण पंखा हलका आहे, कपॅसिटर हलके आहेत. स्वस्त मालात काटकसर तिथंच केलेली असते. मी म्हटलं, मग बदलून द्या. तो कसनुसा हसला.

"बदलून कुणाकडनं आणू, ताई? त्या खोक्यावाल्या कंपनीचं असतं तर त्यांच्याकडं धाडलं असतं. याच्या मागं कोणच न्हाई."

मी म्हटलं, मग ते रंगीत खोक्यातलंच द्या. ते संपलं होतं, पुढचा माल पुण्याहून बुधवारी येणार होता. साहेबांना अडचण सांगावी, तर मशीन पेलेल असं छातीठोकपणे मीच सांगून बसलेले. एसटीत बसल्यावर दुकानदाराचं वाक्य पुन्हा पुन्हा कानात यायला लागलं. कार्डाच्या मागं कोणी नव्हतं, आणि बघायला गेलं तर माझ्याही मागं कोणी नव्हतं. नवरा होता, पण तो माझ्याच नावेत बसलेला. मला रडू आलं. शेजारच्या बाईनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाली, असं व्हतंय ह्या दिसांत. मी मान हलवली.

तसं चांगलं कार्ड असलेला आणखी एकच कॉम्प्युटर मला माहीत होता. तो राहूला, माझ्या माहेरी होता. धाकटा भाऊ डिप्लोमाला लागला तेव्हा आप्पांनी घेऊन दिला होता. आईनं फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, की पुण्याच्या दुकानात आप्पांनी एकेका भागाला बोट लावून विचारलं, हे कुणाचं, ते कुणाचं, आणि सगळी नावं ऐकून घेतल्यावरच होकार दिला. भावाला गेम खेळायचे होते म्हणून ग्राफिक्स कार्ड त्यानं भारीतलं मागून घेतलं होतं. तेव्हा मी फोनवर हसले होते.

शनिवारी नवऱ्याची पहिली पाळी होती. तो म्हणाला, रजा टाकतो, दोघं जाऊ. मी नको म्हटलं. दार तोंडावर लागलं तर ते एकटीच्या तोंडावर लागलेलं बरं. मी ठरवून टाकलं होतं, आत जायचं, कॉम्प्युटरवर बसायचं, काम उरकायचं आणि निघायचं. त्या घरातून काही न्यायचं नाही, पाणीसुद्धा मागायचं नाही. पिशवीत सॉफ्टवेअरच्या आणि मॉडेलच्या सीडी घातल्या, आणि का कुणास ठाऊक, ते बिघडलेलं कार्डही घातलं. गाडी भीमेच्या पुलावर आली. पुलावरून परतीची एसटी दिसली आणि क्षणभर वाटलं, उतरावं आणि त्या गाडीत बसावं.

दारात आई होती. मला बघून ती आत पळाली. पाणी आणायला की डोळे पुसायला, ते मला कळलं नाही. आप्पा ओट्यावर बसून चऱ्हाट वळत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पोटाकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. मी पाठ केल्यासारखं बोलून टाकलं, की धाकट्याच्या कॉम्प्युटरवर थोडं काम आहे, करते आणि जाते. आप्पांनी मान हलवली, ती व्हय म्हणून की न्हाई म्हणून ते कळू नये अशी.

मी आत जाऊन बटण दाबलं. लाइट नव्हती. आई म्हणाली, आताच गेली, आता चार वाजता यील. शिक्रापूरला राहून मी राहूचं लोडशेडिंग विसरले होते. चारनंतर सॉफ्टवेअर टाकायचं कधी, ड्रॉइंग करायचं कधी आणि शेवटची गाडी गाठायची कधी? काम हातातून गेलं, हे मला तिथंच कळलं. आणि गाडी मिळेपर्यंत आप्पांसमोर बसायचं होतं.

मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. भाऊ कॉलेजला गेलेला, आई उगाच आतबाहेर करत होती. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी पिशवीतून ते कार्ड काढलं.

"कुणाचं हाय ते?" आप्पांनी विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले, आणि विचारलं तर हे.

"कुणाचंच न्हाई," मी म्हटलं. राहूत पाय ठेवला की माझी जीभही राहूची होते. "बिननावाचं हाय. तुमच्यावरचा राग काढायला घेतलं मी. वाडा इचारायचाच न्हाई म्हनून घेतलं. आन् बिघडलं."

मग माझं मला आवरेना. साहेब, सोमवार, शिरूरचा दुकानदार, बाळ झाल्यावर मला कोण काम देणार, सगळं एका दमात सांगून टाकलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. आप्पांनी चऱ्हाट खाली ठेवलं, माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि मेंढराचा खूर बघावा तसं बघितलं.

"नदीपल्याडचा म्हातारा मेंढी माघारी घिऊन आल्याला," म्हणाले. "ध्यानात हाय का?"

होता. मी लहान होते. त्यानं आमच्याकडून नेलेली मेंढी तिच्या कोकराला जवळ येऊ देत नव्हती. तो ती चालवत चालवत परत घेऊन आला. आप्पांनी एक शब्द न बोलता ती आपल्या मेंढरांत सोडली आणि त्याला दुसरी दिली. आई पुढं कितीतरी दिवस धुसफुसत होती.

"वाडा इचारायचा त्यो कशापाई? जनावर कुनाचंबी बिघडतंय. बिघडल्यावर माघारी कुठं न्यायचं, ते ठावं पायजे म्हनून इचारायचं."

"मग मला माघारी येऊ नगं म्हनला ते?"

आप्पांनी याचं उत्तर दिलं नाही. आजवर दिलेलं नाही. कार्ड माझ्या हातात परत दिलं आणि विचारलं, त्या कॉम्प्युटरातलं तुला नेमकं काय लागतंय? मी म्हटलं, एवढंच, असं एक कार्ड. म्हणाले, मग काढ की. धाकटा चिडेल, मी म्हटलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की तो दिवसभर त्याच्यात मोटारी पळवतो, थोडे दिवस पायी चालेल. ते स्वतः उठले आणि विहिरीवरच्या मोटरीसाठी ठेवलेला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. मी कार्ड काढत होते तोवर खिडकी उघडी धरून उजेडाला उभे राहिले. मग आपल्या खांद्यावरच्या पंच्यात त्यांनी ते गुंडाळलं. आईनं पाणी दिलं आणि मी ते प्याले.

स्टँडपर्यंत आप्पा आले. गाडी दिसल्यावर रस्त्याकडं बघतच म्हणाले, "बिघडलं तर माघारी घिऊन ये."

रविवारी काम पुरं झालं, सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर होतं. त्यांनी कागद चाळले, एक माप विचारलं आणि पुढची सीडी हातात ठेवली. त्या टूल रूमचं काम मी पुढं कितीतरी वर्षं केलं. भाचरांनी ऐकून घेतलं तर त्यांना एवढंच सांगायचं असतं, की वेग चिपचा असतो, तो खोक्यावरच्या नावानं फारसा बदलत नाही. नाव बघायचं ते पंख्यासाठी, कपॅसिटरसाठी, आणि बिघडल्यावर कुणाच्या दारात जायचं हे कळावं म्हणून.

पण खरी पंचाईत पुढंच झाली. ते कार्ड बिघडेचना. चांगल्या कंपनीचं होतं. धाकट्याला आप्पांनी दुसरं घेऊन दिलं, असं आई फोनवर म्हणाली, म्हणजे तेही निमित्त उरलं नाही. उन्हाळा आला, रस्त्याची धूळ आली, बाळ आलं, कार्ड आपलं चालूच. आई बाळंतपणाला माझ्या सासरी, दौंडला येऊन गेली, आप्पा आले नाहीत. मी रोज कॅबिनेटला कान लावून पंख्याचा आवाज ऐकायचे. जन्मभर वस्तू बिघडेल म्हणून घाबरलेली मी, पहिल्यांदाच एखादी वस्तू बिघडायची वाट बघत होते. आप्पा म्हणाले होते, बिघडलं तर ये. न बिघडता ये, असं म्हणाले नव्हते. आणि मीही त्यांचीच मुलगी, शब्द धरून बसणारी. शेवटी नवराच वैतागला. म्हणाला, ते काढ आणि चल, मीही येतो.

एका रविवारी मी चालता कॉम्प्युटर बंद केला, कार्ड काढलं, आप्पांच्याच पंच्यात गुंडाळलं आणि आम्ही तिघं राहूला गेलो. नवरा बाळाला घेऊन अंगणाच्या कडेला थांबला, कुणी या म्हटल्याशिवाय तो पुढं येणार नव्हता. मी ओट्यापाशी गेले आणि कार्ड आप्पांपुढं धरलं.

"बिघडलंय," मी म्हटलं.

आप्पांनी ते हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. पंख्याला बोट लावलं, तर तो भिरभिर फिरला. तो त्यांनी बोटानंच थांबवला. मग माझ्या खांद्यावरून अंगणाच्या कडेला बघितलं, नवऱ्याकडं आणि त्याच्या हातातल्या बाळाकडं.

"व्हय," म्हणाले. "लईच बिघडलंय. दोन दिस ऱ्हावं लागंल समद्यास्नी."